पडीक रानासाठी स्लॅशरची निवड

कोरमंगला ही आज बंगळूर शहरातील एक गजबजलेली वसाहत आहे. येथे शेत दिसत नाही. ट्रॅक्टर दिसलाच तर तो पाण्याची टाकी ओढताना दिसतो. तेव्हा झुडपे तोडणाऱ्या ट्रॅक्टरचलित यंत्राचे विवेचन नेमके याच ठिकाणी कशासाठी, अशी शंका श्रोत्यांच्या मनात आल्यास नवल नाही. तथापि, या वसाहतीचा शेतीशी असलेला संबंध वाटतो तितका तुटलेला नाही. कोरमंगलाला लागूनच असलेल्या आडुगोडी येथील दुग्धसंशोधन केंद्राचा उगम १९२३ साली बंगळुरात स्थापन झालेल्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय संस्थेत आहे. १९५५ मध्ये या संस्थेचे मुख्यालय कर्नाल येथे गेले, दक्षिण विभागीय केंद्र मात्र येथेच राहिले. १९२७ साली प्रकृतीच्या कारणास्तव बंगळुरात मुक्कामाला असलेले महात्मा गांधी गोपालनाचे शास्त्र समजून घेण्यासाठी या संस्थेत आले होते. अलीकडचा संबंध पाण्याचा आहे. कोरमंगला व चल्लघट्टा या दोन खोऱ्यांतील सांडपाणी शुद्ध करून २०१८ पासून ते कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. या योजनेची क्षमता दिवसाला ४४ कोटी लिटर इतकी आखलेली आहे. शहराने वापरून टाकलेले पाणी अशा रीतीने कोलारच्या कोरड्या शिवारात पोहोचले.

त्या शिवारात शहरातील माणूसही पोहोचला आहे. कर्नाटकाच्या १९६१ च्या भूसुधारणा कायद्यातील ७९-अ व ७९-ब ही कलमे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास प्रतिबंध करीत होती. २०२० साली ती काढून टाकण्यात आली. तेव्हापासून कार्यालयात काम करणाऱ्या गृहस्थाला मालूर, आनेकल किंवा होस्कोटे तालुक्यात पाच-दहा एकर जमीन घेण्याचा मार्ग कायद्याने मोकळा झाला. अशी जमीन बहुधा पडीक असते. ती साफ करण्यासाठी मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी काटेरी झुडपांत उतरायला तयार होत नाहीत. मग यंत्राचा विचार सुरू होतो. दुकानात गेल्यावर रंगाने सारखी, आकाराने सारखी आणि किमतीने मात्र दुप्पट-तिप्पट अंतराची यंत्रे समोर येतात. त्यांतील कोणते दहा वर्षे टिकेल आणि कोणते पहिल्याच हंगामात मोडेल, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

यंत्राकडे वळण्यापूर्वी जमिनीकडे पाहणे अवश्य आहे, कारण यंत्र मोडते ते जमिनीमुळे. बंगळूर आणि कोलार यांच्या परिसरातील लाल मातीखाली अतिप्राचीन नाइस खडक आहे. लालबागेतील उघडा कातळ हा त्याचाच नमुना असून त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानले जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९७५ साली त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला. शेतात हाच खडक कोठे पाठ वर काढतो, तर कोठे गवताखाली घागरीएवढे धोंडे होऊन पडलेला असतो. महाराष्ट्रातील माळरानावरचा काळा पाषाण बहुधा फुटून त्याची खडी झालेली आढळते. येथील गोलसर धोंडा फुटत नाही, पात्याला परत फेकतो.

दुसरा अडथळा खुंटांचा. कोलार व बंगळूर ग्रामीण या जिल्ह्यांत अनेक वर्षे निलगिरीची लागवड झाली. भूजलाच्या चिंतेमुळे २०१७ साली कर्नाटक शासनाने नव्या लागवडीवर बंदी घातली. परंतु तोडलेल्या निलगिरीचा खुंट मरत नाही, त्याला पुनःपुन्हा धुमारे फुटतात. वरून पाहणाऱ्याला कोवळ्या फांद्यांचे झुडूप दिसते, आत मात्र मांडीएवढ्या जाडीचा, वाळून लोखंडासारखा कठीण झालेला बुंधा दडलेला असतो. घाणेरी, वेडी बाभूळ, गाजरगवत आणि वारुळे ही त्यात भर. वारुळाची माती उन्हाळ्यात किती घट्ट होते, हे ज्याने त्यावर कुदळ मारली आहे तोच जाणतो.

आता यंत्राचे स्वरूप. स्लॅशर म्हणजे जाड पत्र्याचे एक मोठे झाकण; त्याच्या मधोमध गिअरपेटी; गिअरपेटीतून खाली आलेल्या उभ्या दांड्याला आडवा पाट किंवा थाळी; आणि त्या थाळीच्या टोकांना खिळीवर सैल बसविलेली दोन किंवा अधिक पाती. ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. शाफ्टमधून त्याला गती मिळते. ट्रॅक्टरला ते जोडले जाते ती तीन बिंदूंची जोडणी हॅरी फर्ग्युसन यांच्या प्रयत्नांतून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात रूढ झाली. अमेरिकेतील अलाबामा राज्यात सेल्मा या गावी १९५१ साली अशा यंत्राचे उत्पादन सुरू झाले आणि त्या कारखान्याचे 'बुश हॉग' हे नाव तिकडे या जातीच्या सगळ्याच यंत्रांना चिकटले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे रोटाव्हेटर घरोघरी परिचित आहे, आणि नावातील साम्यामुळे पडीक रानात प्रथम त्यालाच जुंपण्याचा मोह होतो. रोटाव्हेटर माती उलथतो. त्याची पाती जमिनीत शिरतात. स्लॅशरच्या पात्याने जमिनीला स्पर्शही करू नये अशी अपेक्षा असते. खुंटांच्या रानात रोटाव्हेटर घालणे म्हणजे त्याची पाती एकामागून एक मोडून घेणे होय.

कापण्याची रीतही समजून घ्यावी. कडबा कापण्याच्या यंत्रात पाते एका स्थिर धारेजवळून जाते आणि ताट दोहोंच्या चिमट्यात सापडते. कात्रीचे तत्त्व तेच. स्लॅशरमध्ये अशी दुसरी धार नाही. झुडपाला धरून ठेवणारे त्याचे मूळच, आणि ते वाकण्यापूर्वी तुटावे इतका जबर आघात व्हावा लागतो. म्हणून येथे धारेपेक्षा वेगाला महत्त्व अधिक. दीड मीटर रुंदीच्या यंत्राचा हिशेब करून पाहता येईल. पी.टी.ओ. मिनिटाला ५४० फेरे घेतो. गिअरपेटी ते दीडपट वाढविते असे धरले तर पाती ८१० फेरे घेतात. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. रानातील अदृश्य धोंड्यावर पाते या वेगाने आदळते.

आघाताचा हिशेब आणखी उद्बोधक आहे. प्रत्येकी सहा किलोग्रॅमची दोन पाती असून त्यांचा गुरुत्वमध्य केंद्रापासून अर्ध्या मीटरवर आहे असे समजावे. त्या गतीत त्यांच्यात साठलेली ऊर्जा एक टन वजन एक मीटरहून किंचित उंच उचलण्याइतकी भरते. ती पाती एक दशांश सेकंदात जागच्या जागी थांबली, तर त्या क्षणापुरती शक्ती सुमारे १४५ अश्वशक्ती होते. पुढे असलेला ट्रॅक्टर मात्र ३५ किंवा ४५ अश्वशक्तीचा. याचा अर्थ असा की, ट्रॅक्टर लहान असल्याने यंत्रही बेताचे चालेल, हा विक्रेत्याचा नेहमीचा युक्तिवाद खडबडीत जमिनीवर लागू पडत नाही. यंत्राला मोडणारा जोर ट्रॅक्टरच्या इंजिनातून येतो त्याहून अधिक फिरणाऱ्या लोखंडातूनच येतो.

मग हा जोर जातो कोठे, हा खरा प्रश्न आहे, आणि टिकाऊपणाचे सर्व रहस्य त्याच्या उत्तरात आहे. सामान्य खरेदीदार टिकाऊ म्हणजे जाड असे समीकरण मांडतो. जाडीला महत्त्व आहे, परंतु प्रत्येक भाग अभेद्य असलेले यंत्र बनविता येत नाही. आघात झाला की काहीतरी वाकणार, घसरणार किंवा तुटणारच. चांगल्या यंत्रात ते काय असावे हे कारखान्याने आधी ठरविलेले असते, आणि तो भाग सर्वांत स्वस्त व सर्वांत सहज बदलता येण्याजोगा असतो. वाईट यंत्रात ही निवड धोंडा करतो.

पहिली माघार पात्याची. खिळीवर सैल बसविलेले पाते फिरण्याच्या वेगाने बाहेरच्या बाजूस ताठ राहते आणि कठीण वस्तूवर आदळताच मागे दुमडते. पाती पक्की आवळून बसविलेला स्लॅशर गवताच्या कुरणात कदाचित चालेल. खुंटांच्या रानासाठी त्याचा विचारही करू नये. मात्र ही खिळी हीच सर्वाधिक झिजणारी जागा असल्याने तेथे बदलता येणारी बुश आहे की भोक थेट पाटातच पाडले आहे, हे वाकून पाहावे. थेट भोक कालांतराने अंडाकृती होते आणि मग पाटच टाकून द्यावा लागतो.

दुसरी माघार शिअर बोल्टची. पी.टी.ओ. शाफ्ट आणि गिअरपेटी यांच्या सांध्यात एक मऊ पोलादाचा बोल्ट मुद्दाम घातलेला असतो. भार मर्यादेबाहेर गेला की तो कापला जातो, शाफ्ट मोकळा फिरू लागतो आणि गिअर वाचतात. काही रुपयांच्या बोल्टने हजारो रुपयांची गिअरपेटी राखण्याची ही योजना आहे. आता मालूरच्या रानात पहिल्या दिवशी काय घडते याची कल्पना करावी. सकाळपासून दोन-तीन बोल्ट तुटतात. बोल्ट बदलायला दर वेळी अर्धा तास जातो, चालक तासावर ठरविलेला असतो, मालक घड्याळाकडे पाहतो. चौथ्या वेळी गावातील हार्डवेअरच्या दुकानातून 'चांगला मजबूत' बोल्ट आणला जातो आणि दिवसभर काम सुरळीत चालते. सर्वांना वाटते, कंपनीने बोल्ट निकृष्ट दिला होता. वस्तुतः त्या क्षणी यंत्राचे आयुष्य संपलेले असते. ते फक्त दिसायचे राहिलेले असते.

बोल्टच्या डोक्यावरील आकडे वाचता आल्यास हा अनर्थ टळतो. ४.६ असा आकडा असलेल्या बोल्टचे ताणबळ ४०० मेगापास्कलच्या वर्गातले, तर ८.८ च्या बोल्टचे ८०० च्या. दिसायला जुळे भाऊ, पण दुसरा दुप्पट भार सोसतो. म्हणजेच सुरक्षेची मर्यादा दुप्पट उंचावते, आणि गिअरचा दात ती उंची सोसू शकेलच याची कोणी हमी दिलेली नसते. कारखान्याच्या पुस्तिकेत ज्या वर्गाचा, जाडीचा व लांबीचा बोल्ट सांगितला असेल तोच, आणि यंत्र घेतानाच डझन-दोन डझन घेऊन ठेवावा. तो तुटतो म्हणून रागावू नये. वारंवार तुटत असेल तर दोष बोल्टचा नसून गतीचा, उंचीचा किंवा त्या जागेचा असतो.

खुंट आणि धोंडे दाट असतील तर शिअर बोल्टऐवजी स्लिप क्लच घेणे श्रेयस्कर. यात घर्षणाच्या चकत्या स्प्रिंगांनी दाबलेल्या असतात. भार वाढला की त्या क्षणभर घसरतात आणि काम न थांबता पुढे चालते. किंमत अधिक पडते, पण दिवसाकाठी वाचणारा वेळ पाहता ती महाग नाही. याही सोयीला एक घातक दोष आहे, आणि तो पावसाळ्यात जन्मतो. शेडमध्ये चार महिने पडून राहिलेल्या यंत्राच्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. बाहेरून काहीच कळत नाही, क्लच जागेवर दिसतो. परंतु तो आता क्लच राहिलेला नसून साधा लोखंडी सांधा झालेला असतो. म्हणून दर हंगामाच्या आरंभी स्प्रिंगांची लांबी मोजून घ्यावी, नट थोडे सैल करावेत, चकत्यांच्या कडेवर खडूची एक सरळ रेघ ओढावी आणि पी.टी.ओ. दोन-तीन सेकंद चालवून थांबवावा. इंजिन बंद करून, सर्व काही स्थिर झाल्यावर पाहावे. रेघ तुटून सरकली असेल तर क्लच जिवंत आहे. मग नट पूर्वीच्याच मापावर आवळावेत. अधिक आवळणे म्हणजे पुन्हा तीच 'मजबूत बोल्ट'ची गोष्ट.

गिअरपेटीविषयी विक्रेते एक आकडा सांगतात: चाळीस अश्वशक्ती, साठ, नव्वद. हा आकडा ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वरील शक्तीशी ताडून पाहावा. इंजिनाची जाहिरातीतील शक्ती त्याहून अधिक असते. गवतासाठी दोन्ही आकडे जवळपास असले तरी चालेल. खडबडीत रानासाठी गिअरपेटीचा आकडा दीडपट ते दुप्पट असावा. पण आकड्यापेक्षाही खालच्या सीलकडे लक्ष द्यावे, कारण कितीतरी गिअरपेट्या आघाताने नव्हे तर तहानेने मरतात. शहराच्या परिघावरील पडीक जमिनीत ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्या, प्लॅस्टिकच्या दोऱ्या, काटेरी तारेचे तुकडे आणि वेली हमखास असतात. खालच्या दांड्याला त्यांचा पीळ बसतो, पीळ वर सरकत सीलला कापतो, तेल थेंबाथेंबाने गळते आणि एके दिवशी दात झडतात. सीलखाली संरक्षक कडे असलेले यंत्र निवडावे. आणि रोज संध्याकाळी, इंजिन बंद करून व यंत्राला भक्कम ठोकळ्यांचा आधार देऊन, तो पीळ कोयत्याने कापून काढावा.

पाती ज्यावर बसतात तो भाग दोन प्रकारचा मिळतो. एक साधा आडवा पाट, दुसरी कडा वर वळलेली गोल थाळी. ट्रॅक्टर खुंटावरून गेला तर थाळी त्यावरून घसरत जाते. पाट मात्र खुंटात अडकतो. आपल्या विषयापुरता हा प्रश्न येथेच निकालात निघतो: थाळीच घ्यावी. पात्यांना विळ्यासारखी धार लावण्याचा आग्रह धरू नये. फार पातळ धार दगडावर दाते पडून निकामी होते, आणि फार कठीण केलेले पोलाद तडकून त्याचा तुकडा गोळीसारखा सुटतो. धारेला सुमारे दीड मिलिमीटर बोथट कड राहू द्यावी. पाती नेहमी जोडीने बदलावीत; एक नवे व एक जुने असे बसविले की तोल बिघडून सगळे यंत्र थरथरते आणि सांधे उलू लागतात.

झाकणाच्या पत्र्याची जाडी हलक्या यंत्रात तीन मिलिमीटरच्या आसपास असते, भारी यंत्रात पाच-सहा. जाडीबरोबर खालून वेल्डिंग अखंड आहे की मधे मधे टाके घातले आहेत, हेही पाहावे. कडेच्या घसरपट्ट्या बोल्टने बसविलेल्या असाव्यात, म्हणजे झिजल्यावर बदलता येतात. मागचे चाक भरीव रबराचे असावे. वेड्या बाभळीच्या काट्यापुढे हवा भरलेले चाक टिकत नाही, आणि तिरप्या कापलेल्या घाणेरीच्या सडांपुढे ट्रॅक्टरचे टायरही सुरक्षित नसतात.

रुंदीच्या बाबतीत लोभ आवरावा. रुंद यंत्राने काम लवकर उरकते हे सपाट जमिनीवर खरे. उंचसखल जमिनीवर रुंद झाकण दोन उंचवट्यांवर टेकते आणि मधला धोंडा पात्याच्या तोंडी येतो. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला दीड मीटरचे भारी यंत्र हे त्याच किमतीच्या दोन मीटरच्या हलक्या यंत्रापेक्षा अधिक दिवस साथ देते. अर्थात भारी यंत्र मागे लटकल्याने ट्रॅक्टरचे तोंड हलके होते. पुढे वजने बसवावी लागतात आणि उतारावर ती अपरिहार्य ठरतात.

ट्रॅक्टरशी संबंधित आणखी एक बाब आहे, आणि ती यंत्राच्या नव्हे तर माणसाच्या आयुष्याची आहे. आपल्याकडील कित्येक जुन्या ट्रॅक्टरांत चाकांचा आणि पी.टी.ओ.चा क्लच एकच असतो. चालक बांधाजवळ येऊन क्लच दाबतो, इंजिन सुटते. पण फिरणारी जड पाती थांबत नाहीत. त्यांचा वेग शाफ्टमधून उलट ट्रॅक्टरच्या गिअरपेटीत शिरतो आणि ट्रॅक्टरला पुढे रेटतो. विहिरीला कठडा नसेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको. यावर उपाय म्हणून पी.टी.ओ.च्या टोकाला ओव्हररनिंग क्लच बसवितात. तो शक्ती एकाच दिशेने जाऊ देतो. यंत्राच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. विक्रेता तो आपणहून सुचवील अशा भरवशावर राहू नये.

भारतात मळणीयंत्रांत हात गेलेल्या मजुरांची संख्या इतकी वाढली की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांचे नियमन करणारा कायदा करावा लागला. तो प्रामुख्याने मळणीयंत्रांसाठी होता. स्लॅशरचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तो जवळ आलेल्याला जसा आहे तसा दूर उभ्या असलेल्यालाही आहे. झाकणाखालून सुटलेला दगड किंवा तारेचा तुकडा कोठे जाईल याचा नेम नसतो. पुढे-मागे साखळ्यांचे पडदे असलेलेच यंत्र घ्यावे, आणि काम चालू असताना सुमारे शंभर मीटरच्या आत कोणी नसावे. गुराखी मुले आणि कुत्री ट्रॅक्टरमागे धावतात, ही गोष्ट मालकाने आधीच लक्षात घ्यावी. फिरत्या शाफ्टवरील प्लॅस्टिकचे कवच तुटले की ते फेकून देण्याची प्रथा आहे. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा उपरणे त्या शाफ्टला पुरते.

सुट्या भागांचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो. या संदर्भात मराठी वाचकाला परिचित असलेले एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला प्रथम कडबा कापण्याची यंत्रे केली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनविला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे शेतकरी नांगराजवळ फिरकत नव्हते आणि पहिले नांगर विकले जायला फार काळ लागला. ती समजूत चुकीची होती. परंतु शेतकऱ्याच्या सावधपणाला एक व्यवहारी बाजूही असली पाहिजे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो दुपारपर्यंत उभा करीत असे. ओतीव लोखंड मोडले तर गावच्या लोहाराला ते सांधता येत नाही. नवा भाग कारखान्यातूनच यावा लागतो. स्लॅशरच्या गिअरपेटीचे कवचही बहुधा ओतीवच असते. तेव्हा दुकानदाराला किंमत विचारण्यापूर्वी पात्यांची जोडी, खालचे सील, शाफ्टचा क्रॉस आणि क्लचच्या चकत्या काढून दाखवायला सांगावे. ज्याच्या फळीवर या चार वस्तू नाहीत त्याचे यंत्र कितीही भक्कम असो, ते घेऊ नये. यंत्राची शासकीय चाचणी झाली असल्यास अहवालही मागावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथे आणि दक्षिणेसाठी अनंतपूरजवळील गार्लदिन्ने येथे अशा चाचण्या घेणाऱ्या केंद्र शासनाच्या संस्था आहेत.

इतके सगळे केल्यावरही यंत्राकडून भलती अपेक्षा ठेवू नये. स्लॅशर झुडूप कापतो, उपटत नाही. घाणेरी कापली की बुंध्यातून अधिक जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे मूळ जमिनीखाली, फुटवा येणाऱ्या भागाच्या खाली तोडून रोप उलटे ठेवण्याची पद्धत प्रचारात आणली, ती याचसाठी. तो उद्योग हाताने आणि कुदळीनेच करावा लागतो. यंत्राने वाट मोकळी करावी, माणसाने मुळापर्यंत जावे, अशी ही वाटणी आहे. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात नजरेस आले आणि तेथून देशभर पसरले. त्याच्यावर उपजीविका करणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ साली प्रथम सोडण्यात आला तो बंगळूरच्याच परिसरात. हे गवत फुलावर येण्यापूर्वी कापले तरच कापण्याला अर्थ आहे. फुलल्यावर कापले तर यंत्र त्याचे बी साऱ्या शेतात पेरते आणि परागांचा त्रास चालकाच्या कातडीला व श्वासाला होतो, तो वेगळाच.

म्हणूनच पाच-दहा एकरांच्या मालकाने यंत्र विकत घ्यावेच का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. पहिली सफाई सर्वांत कठीण असते, आणि नव्या यंत्राचा बळी बहुधा तिच्यातच जातो. ही सफाई भाड्याच्या यंत्राने करून घेणे शहाणपणाचे. कर्नाटकात 'कृषी यंत्रधारे' या नावाने शेतीची यंत्रे भाड्याने देणारी केंद्रे आहेत. तेथे असे यंत्र नसेल तर आसपासच्या नारळबागा किंवा आंब्याच्या मोठ्या बागा ठेवणाऱ्यांकडे चौकशी करावी. एक हंगाम दुसऱ्याचे यंत्र आपल्या रानात चालताना पाहिले, म्हणजे आपल्या जमिनीत किती बोल्ट तुटतात याचा खरा आकडा हाती येतो आणि स्लिप क्लचवर पैसे घालायचे की नाही हे कोणाला विचारावे लागत नाही. दरवर्षी दोन-तीनदा कापणी करायची असेल, शेजारचे चार-पाच मालक मिळून वापरणार असतील, तर खरेदी परवडते.

खरेदी झालीच, तर पहिल्या दिवशी यंत्र जोडण्याआधी शेत पायी फिरावे. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळलेले असताना हे सोपे जाते. दिसेल त्या धोंड्यावर आणि खुंटावर चुन्याचा ठिपका टाकावा, तारा व नळ्या गोळा कराव्यात, विहिरीभोवती दोरी बांधावी. पहिला फेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर, पी.टी.ओ. पूर्ण गतीत आणि ट्रॅक्टर सर्वांत खालच्या गिअरमध्ये ठेवून घ्यावा. त्या फेऱ्यात जे उघडे पडेल ते पाहूनच दुसऱ्या फेऱ्यात खाली यावे. चार तासांनी थांबून, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, यंत्राखाली ठोकळे द्यावेत, पात्यांचे नट पुस्तिकेतील मापाने पुन्हा आवळावेत आणि गिअरपेटीतील तेलाची पातळी पाहावी. पन्नास तासांनी ते पहिले तेल बदलावे. नव्या दातांनी घासून सोडलेली लोखंडाची कीस त्यात चमकताना दिसते.